तिसरा पुकारा

या लिखाणात मी कुणाचंच नाव घेणार नाही. उभा जन्म लोकांची नावं ओरडण्यात गेला माझा. आता पुरे झालं.

आमच्या तालुक्याच्या कचेरीत मी चपराशी होतो, आणि माझ्या आधी माझा बाप. निजामाचं राज्य होतं तेव्हा. चपराशाला सतरा कामं. पाणी भरा, दौती भरा, साहेबांचा घोडा धरा. पण खरं काम पुकाऱ्याचं. आत तहसीलदार साहेब बसायचे, शेजारी पेशकार, म्हणजे त्यांचा कारकून, एकेक मिसल काढायचा. मिसल म्हणजे तुम्ही आता फाईल म्हणता ती. पेशकारानं नाव सांगितलं की चपराशानं दारात येऊन ते मोठ्यानं पुकारायचं. ज्याचं नाव, त्यानं ‘हाजिर’ म्हणून आत जायचं. नाही गेला तर गैरहाजिर, आणि काम खारीज. एवढं सोपं.

सोपं म्हणजे आतल्या लोकांना. बाहेरच्यांची गत वेगळी. कचेरीसमोर मोठं चिंचेचं झाड होतं, त्याच्याखाली सगळे बसायचे. सेनगावाकडचे, नरसीकडचे, तांड्यातांड्यांवरचे. भाकरी बांधून पहाटेच निघालेले. कुणाचं नाव कवा निघेल त्याचा पत्ता नाही. त्यात पुकारा उर्दूच्या वळणाचा. अमुक वल्द तमुक, म्हणजे तमक्याचा पोरगा, साकिन फलाणं, म्हणजे राहणार तिथला. घरी ज्याला सगळे ‘बापू’ म्हणतात त्याला कुठून कळावं की हे लांबलचक बिरूद आपलंच आहे?

माझ्या बापाला आम्ही आबा म्हणायचो. आबांची रीत अशी, की कचेरी उघडायच्या आधी ते चिंचेखाली एक फेरी मारायचे. प्रत्येकाजवळ बसायचे, चिमूटभर तंबाखू घ्यायचे, विचारायचे, ‘कोणतं गाव? काय काम काढलं बाप्पा?’ वीस असोत की पन्नास, सगळे डोक्यात बसायचे त्यांच्या. लिहिता येत नव्हतं ना, म्हणून. मग पुकारा झाला की आधी कागदावरचं नाव ओरडायचे आणि मागून आपलं जोडायचे, ‘अरे ए लाल मुंडाशावाल्या, तुलाच बोलावून राहिले! ऊठ की, का पालखी पाठवू?’ सगळं झाड हसायचं. तो माणूसही हसत आत जायचा. साहेबापुढं जायच्या आधी माणूस एकदा हसला की त्याचे पाय कापत नाहीत, असं आबा म्हणायचे.

आणि एक गोष्ट त्यांनी तीस वर्षांत कधी केली नाही. मेलेल्या माणसाचं नाव ते पुकारत नसत.

हे नीट सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. शेताचा मालक मेला की वारसाचं नाव लावायचं काम निघायचं. त्याला विरासत म्हणत. ती मिसल मेलेल्याच्याच नावानं असायची, त्यामुळे पुकाराही त्याच्याच नावाचा, आणि ‘हाजिर’ म्हणायचं वारसानं. आता आमच्याकडं गेलेल्या माणसाला नावानं हाक मारत नाहीत. त्याची पुढची वाट मोडते म्हणतात. आणि त्याच्या बायकोनं तर त्या हाकेला ओ देणं दूरच, जिवंतपणीसुद्धा ते नाव तिनं कधी तोंडातून काढलेलं नसायचं. म्हणून विरासतीची मिसल आली की आबा पायऱ्या उतरून खाली जायचे, त्या बाईजवळ टेकायचे आणि हळूच म्हणायचे, ‘माय, चल. तुझं काम निघालं.’ बस. एवढंच. मग तिच्यापुढं चालत तिला आत घेऊन जायचे.

यात वेळ जायचा, हे मी नाकारत नाही.

मग नवे तहसीलदार आले. माणूस वाईट नव्हता. लाच खात नव्हता, कुणाला शिवी देत नव्हता. पण शिस्तीचा भारी. टेबलावर घड्याळ ठेवून बसायचा. एक दिवस त्यानं पाहिलं तर आपला चपराशी खाली झाडाखाली कुण्या म्हातारीशी बोलून राहिलेला, आणि आत मिसल उघडी पडलेली. ‘ये कचेरी है के बाजार?’ त्या दिवसापासून कायदा झाला. पुकारा वरच्या पायरीवरून. तीनदा. दोन पुकाऱ्यांच्या मध्ये ओसरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत चालण्याइतका वेळ. तिसरा झाला की खलास, पुढची मिसल.

आबांना ते जमेना. तिसऱ्यानंतर चौथा व्हायचा, पाचवा व्हायचा. एकदा तर एक शेतकरी ओढ्याकडं गेलेला, त्याला त्यांनी सात पुकारे केले आणि वर आत जाऊन साहेबांना म्हणाले, ‘सरकार, लोटा घेऊन गेलाय तो, येईलच इतक्यात.’ पेशकारानं तोंडावर रुमाल धरला. साहेब काही हसला नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, म्हाताऱ्यानं घरी बसावं, पोराला पाठवावं.

आबांनी कमरेचा पट्टा सोडून माझ्या कमरेला बांधला. त्याच्यावरचा पितळी बिल्ला त्यांनी राखेनं घासून ठेवला होता. बक्कल लावताना म्हणाले, ‘आवाज तुझा माझ्याहून चांगला हाय. खाली उतरत जाय, एवढंच सांगतो.’

मी ऐकलं का? छे! वय वीस-एकवीस, कमरेला पट्टा, डोक्यात हवा. उर्दू मदरशात चार बुकं शिकलो होतो मी. आबांचं ते खाली उकिडवं बसून तंबाखू मळणं मला लाज आणायचं. मी वरच्या पायरीवर ताठ उभा राहायचो आणि असा खडा पुकारा द्यायचो की चिंचेवरचे कावळे उडायचे. एक. खांब ते खांब. दोन. खांब ते खांब. तीन. साहेब खूश. पूर्वी दिवसाला पाच मिसली व्हायच्या, त्या आता पंधरा-पंधरा निघायला लागल्या. त्यातल्या कितीएक नुसत्या गैरहाजिरीनं निघतात, हे ना साहेबाच्या मनात आलं, ना माझ्या. मी अजून नोकरीत कच्चा होतो. जिल्ह्याचे मोठे साहेब दौऱ्यावर येतील तेव्हा कायम करू, असं ठरलेलं होतं. मला तेवढंच दिसत होतं.

ती बाई आली तो दिवस उन्हाळ्याचा होता. सेनगावाकडच्या एका खेड्यातली. पंचविशीची असेल, कपाळ मोकळं. मी तिला सकाळी येताना बघितलं, तेव्हा पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. नवरा तापानं गेलेला. दोघा भावांच्या वाटण्या आधीच झालेल्या होत्या, त्यामुळं नवऱ्याच्या वाट्याचं शेत तिच्या नावावर लागायचं होतं. मूलबाळ नव्हतं. माहेरी कुणी उरलं नव्हतं. त्या शेतावाचून तिला जगात दुसरं काही नव्हतं. पण दिरानंही अर्ज टाकला होता, की रान आपल्या नावावर व्हावं. हे सगळं मला मागाहून कळलं. पुकाऱ्याला आबा असते तर कचेरी उघडायच्या आधीच कळलं असतं.

दुपारी पेशकारानं ती मिसल काढली. मी दारात गेलो आणि तिच्या नवऱ्याचं नाव पुकारलं. बापाच्या नावासकट, गावासकट, खणखणीत.

एक. खालच्या गर्दीत बायांच्या घोळक्यात कुणीतरी दचकलेलं मला दिसलं.

दोन. त्या बाईनं पदर तोंडावर ओढून घेतला.

तीन. तिनं मान गुडघ्यात घातली.

मी बघत होतो हो! माझ्या या दोन डोळ्यांनी बघत होतो. आणि मला वाटलं, असेल कुणी लाजरी, मला काय करायचंय. पायऱ्यांशी उभा असलेला एक गडी ‘हाजिर’ म्हणत पुढं आला. तो दीर. तिच्यापासून दहा हातांवर होता, एकदाही मागं वळून बघितलं नाही त्यानं. आत दुसरा वारस गैरहाजिर म्हणून लिहिलं गेलं आणि शेत दिराच्या नावावर झालं. पेशकारानं वाळू टाकून शाई वाळवली आणि मिसल बांधली. सुपारी फोडायला जास्त वेळ लागतो.

उन्हं उतरली, कचेरी बंद झाली. झाडाखालचे सगळे गेले. ती तशीच बसलेली. मी कुलूप लावून खाली आलो तर उठून उभी राहिली.

‘बाबा, माझं काम कवा निघंल?’

‘कोणाचं काम?’

नाव घेता येईना तिला. मग म्हणाली, ‘दुपारी तुमी ज्यायला तीनदा हाका मारल्या ना, त्यायच्या घरची मी.’

तेव्हा मला कळलं, ही कोण ते. पण तोरा कुठं जातो! मी खेकसलोच, ‘मग उठली काहून न्हाई?’

ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जशी चूक माझी नाही तिचीच आहे. ‘हाक त्यायला व्हती. ते असते तर उठले असते. मी म्हणलं, सरकारच्या घरी ठावं नसंल ते गेले म्हणून. मी कशी सांगू? मला बलावतील तवा सांगते म्हणलं.’

मी घरी आलो. आबा जेवत होते. त्यांना सांगितलं, अगदी सहज सांगितल्यासारखं, की असं असं झालं, बाया काय अडाणी असतात बघा. आबांनी हातातला घास ताटात ठेवला. हात धुतला आणि तसेच बाहेर पडले. घंट्याभरानं त्या बाईला घेऊन आले. माझ्या मायनं तिला भाकरी वाढली. तिनं अर्धी खाल्ली, अर्धी पदरात बांधली.

सकाळी आबांनी मला परसात गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बापानं माझ्यापुढं हात जोडले.

‘मी साहेबाच्या पाया पडतो. साहेब तुला विचारंल, तीन पुकारे झाले का. तू म्हण दोनच झाले, तिसऱ्याला इसरलो. मग मिसल पुन्हा उघडंल. दंड करंल, बोलंल, अजून काय करंल?’

‘आन माझी नोकरी?’

‘जाईल तर जाईल रे. एका बाईचं रान वाचंल.’

मी पट्टा बांधायला घेतला. त्यांना वाटलं, पोरगं ऐकेल. बापाला वाटतंच.

साहेब आले. आबा पायऱ्यांशी वाकून उभे. ती बाई त्यांच्या मागं, चिंचेच्या मुळीला धरून. साहेबानं सगळं ऐकून घेतलं, ते मी नाकारणार नाही. मग माझ्याकडं वळून एकच सवाल केला.

‘तीन पुकारे हुए थे?’

आबा माझ्याकडं बघत होते. ती बाईही बघत होती. तिला तर माझं ‘दोन’ का ‘तीन’ यात काय फरक पडतो तेही कळत नव्हतं, ती आपली आशेनं बघत होती. बिल्ला छातीवर असता तर बरं झालं असतं, धडधड तरी झाकली असती. मेला कमरेला होता.

‘हुए थे सरकार,’ मी म्हणालो. ‘बराबर तीन.’

खरं होतं ते. आजही कुणी मला खोटारडा म्हणू शकत नाही. साहेबानं मान हलवली आणि आत गेला. आबांनी त्या बाईला म्हटलं, ‘चल माय.’ माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

महिन्याभरानं मोठे साहेब दौऱ्यावर आले. कचेरीला चुना लावला, चिंचेखाली सडा टाकला. पेशकारानं आधीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, साहेब तकलीफ विचारतील तर काय म्हणायचं ते. मोठे साहेब झाडाखाली फिरले. ‘कुछ तकलीफ?’ एकेक जण हात जोडून, ‘न्हाई सरकार. काई तकलीफ न्हाई सरकार.’ जिथं माणूस साहेबाला घाबरून स्वतःचं नाव विसरतो, तिथं तकलीफ कुठून आठवणार? मधेच ती बाई उभी होती. आबांनी कुंभाराकडून एक रांजण आणून तिला चिंचेखाली मांडून दिला होता, आल्या-गेल्याला पाणी द्यायला. कचेरीतून उठलेले लोक तिला उरलेली भाकर देऊन जायचे, त्यावर तिचं भागायचं. तालुक्याच्या गावात पाणी वाटून राहिली होती, तिकडं गावी दीर तिच्या रानात पेरणीची तयारी करून राहिला होता.

‘तुमको? कुछ तकलीफ?’ मोठ्या साहेबांनी तिला विचारलं.

‘काई न्हाई,’ ती म्हणाली. आणि त्यांनाही पाणी दिलं.

मोठे साहेब फार खूश झाले. इतक्या मिसली निकाली, आणि लोकांची काही तक्रार नाही! त्याच दिवशी मला कायम केलं. मी पेढे घेऊन घरी गेलो. मायनं देवापुढं ठेवले. आबांनी हात पुढं केला नाही.

ओरडले असते, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तसं काही नाही. पण त्या दिवसानंतर त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. ज्या माणसानं तीस वर्षं अख्ख्या तालुक्याला हाका मारल्या, त्यानं आपल्या पोराला मारली नाही. काही सांगायचं झालं तर मायकडं बघून सांगायचे, ‘त्याला म्हणावं, पाणी तापलंय.’ मी समोरच बसलेला असायचो. नऊ-दहा वर्षं काढली आम्ही अशी, एका घरात, एका चुलीवर. आणि रोज सकाळी ते चिंचेखाली जाऊन बसायचे, त्या रांजणाशेजारी. पुकारा मी वरून करायचो, आणि खाली आबा त्या त्या माणसाला कोपरानं ढोसायचे, ‘ऊठ, तुझं हाय.’ बिनपट्ट्याचे, बिनपगाराचे. मला वरून सगळं दिसायचं. मीही आवाज जरा लांबवायचो, खांब ते खांब जरा हळू चालायचो. पण खाली उतरलो नाही. आधी तोऱ्यानं उतरलो नाही, मग लाजेनं.

ज्या साली राज्य बदललं, त्याच सालच्या उन्हाळ्यात आबा गेले. शेवटच्या दिवशी मी उशाशी होतो. डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, ओठ हलले. मी कान नेला जवळ. नाही आलं काही. काय होतं ते, माझं नाव होतं का पाणी हवं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. मी स्वतःला सांगतो की नाव होतं.

मग ती सगळी धामधूम. कचेरी काही दिवस बंद राहिली. उघडली तेव्हा वरचा झेंडा बदलला होता, साहेब बदलला होता. नवा साहेब मराठी बोलायचा. मला वाटलं, आता पुकाऱ्याचंही काही वेगळं होईल. पहिल्याच दिवशी साहेबानं विचारलं, इथं पुकाऱ्याची पद्धत काय? पेशकार म्हणाला, वरच्या पायरीवरून तीनदा. ‘उत्तम,’ साहेब म्हणाले. ‘तीच चालू ठेवा.’

गावाबाहेर आबांचं रानाचं एक तुकडं होतं. ते मायच्या नावावर होऊ दे, असं मीच अर्जात लिहिलं. आणि एक दिवस पेशकारानं मिसलीची दोरी सोडली, वाचलं, आणि माझ्याकडं न बघता हळूच म्हणाला, ‘घ्या. पुकारा.’

आबांचं नाव होतं.

मी दारात आलो. वरच्या पायरीवर उभा राहिलो. खाली चिंचेखाली माय बसलेली होती, गुडघ्यांना मिठी मारून. शेजारी रांजण, आणि रांजणाजवळ ती बाई, आता कानाशी पांढरी झालेली. तोंड उघडलं मी. हजारदा उघडलं होतं त्याच जागेवरून. आबांच्या नावाचं पहिलं अक्षर ओठावर आलं आणि मला दिसलं की मायचा हात पदराकडं चालला आहे. तोंडावर ओढायला.

नाही जमलं. आई शप्पथ, नाही जमलं. सात पायऱ्या आहेत तिथं. मी त्या उतरलो. मायजवळ जाऊन टेकलो आणि म्हणालो, ‘माय, चल. तुझं काम निघालं.’

मायनं माझ्या खांद्याला धरलं आणि उठली. आम्ही वळलो, तर रांजणाजवळची ती बाई माझ्याकडं बघत होती. हातातला गडवा तसाच. राग नव्हता तिच्या तोंडावर. खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं,

‘बाबा, खाली येता येत व्हतं व्हय तुमाला?’

माझ्या घशातून हुंदका आला, तो मी भर कचेरीपुढं, सगळ्या लोकांदेखत, गिळायचा प्रयत्न केला आणि तो गिळला गेला नाही. माय मला धरून होती का मी मायला, कोण जाणे. तसाच तिला घेऊन सात पायऱ्या चढलो आणि आत गेलो.

साहेब मिसलीवर काहीतरी लिहीत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, ‘तीन पुकारे झाले?’

‘झाले, साहेब,’ मी म्हणालो.

एकही झाला नव्हता.